सिगार चाखताना: दोष पानाचा, पावसाचा की आपला?

गेल्या जुलैमध्ये एकाच आठवड्यात तिघांनी मला तेच गाऱ्हाणं ऐकवलं. महागाची सिगार घेतली, कडू लागली, मध्येच दोनदा विझली, पैसे पाण्यात गेले. तिघांच्याही उरलेल्या सिगार मी हातात घेऊन दाबून पाहिल्या. पैसे खरोखरच पाण्यात गेले होते. सिगारनी गोव्याची हवा पिऊन घेतली होती.

हाताने वळलेल्या चांगल्या सिगारबद्दल मत बनवायचं असेल तर एक गोष्ट वेगळी काढता आली पाहिजे: जे वाईट लागलं ते पानातलं होतं, साठवणीतलं होतं, की आपल्या घाईचं. बहुतेक लोक हे तिन्ही एकत्र कालवतात आणि खापर सिगारवर फोडतात. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मधला एखादा गाळलात की पुढच्या टप्प्यावरचा निष्कर्ष भरवशाचा राहत नाही.

आधी एक स्पष्ट सांगतो. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. निकोटिन तोंडातूनच रक्तात जातं आणि तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाचा धोका असतोच. ओढत नसाल तर हा लेख वाचून सुरू करू नका. जे अधूनमधून ओढतातच, त्यांच्यासाठी हे आहे.

## १. दोन आठवडे आधी: हवा ताब्यात घ्या

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

सिगार हवेतला ओलावा घेते आणि सोडते. चाखण्यासाठी तिच्याभोवतीची आर्द्रता ६५ ते ६८ टक्के असावी. गोव्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते, आणि डिसेंबरच्या दुपारी तीच बरीच खाली येते. म्हणजे एकच सिगार, एकाच कपाटात, जुलैमध्ये एक आणि जानेवारीत दुसरीच लागते.

काय लागेल: झाकणाला रबराची कड असलेला हवाबंद डबा, छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणि ६५ टक्क्यांची दुहेरी काम करणारी आर्द्रतेची पुडी. ही पुडी डब्यात ओलावा कमी असेल तर देते, जास्त असेल तर शोषून घेते. सुंदर लाकडी पेटीचा मोह आवरा. तिचं झाकण जरा जरी सैल असलं तरी बाहेरचा पावसाळा आत शिरतो, आणि पुडी बिचारी अख्ख्या खोलीची हवा सुकवत बसते. मला स्वयंपाकघरातला डबाच बरा वाटतो.

मापकावर लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात ते ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब घाला (विरघळू देऊ नका), आणि मापकासह हवाबंद पिशवीत बंद करून १२ तासांपेक्षा जास्त वेळ ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७१ आला तर तुमचा मापक ४ ने कमी दाखवतो, तेवढं लक्षात ठेवा. यासाठी दुकानातलं बारीक शुद्ध मीठच घ्या. आगरातलं जाडं मीठ जेवणात कितीही गोड लागो, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते आकडा खाली ओढतात. मी पहिल्यांदा तेच वापरलं आणि एक चांगला मापक खराब समजून फेकून दिला.

इथे होणाऱ्या तीन चुका

पहिली: सिगार ओली वाटली म्हणून ती दोन दिवस उघडी ठेवणं. कोरड्या प्रदेशातल्या लोकांनी दिलेला हा सल्ला त्यांच्या ठिकाणी बरोबर आहे. आपल्याकडे आषाढात उघडी ठेवलेली सिगार सुकत नाही, आणखी फुगते. सुकवायची असेल तर ६२ टक्क्यांच्या पुडीसह डब्यातच ठेवा.

दुसरी: फ्रीज. बर्फ न साचणारा फ्रीज सिगारला कडकडीत कोरडी करतो, आणि घरात सुके बांगडे असतील तर पुढे काय होतं ते सांगायला नको.

तिसरी: डब्यात तांदूळ किंवा सिलिका जेलच्या पुड्या टाकणं. सिलिका कुठे थांबायचं ते जाणत नाही. वरचं पान आधी सुकतं, आतली पानं ओलीच राहतात, आणि सिगार उकलते.

डबा घरातल्या सर्वात थंड कोपऱ्यात ठेवा. तापमान २४ अंशांच्या वर बराच काळ राहिलं की तंबाखूच्या किड्याची अंडी उबू शकतात, आणि आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे त्यांचा हंगामच. वरच्या पानाला टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं, किंवा डब्याच्या तळाशी बारीक भुकटी दिसली, तर ती सिगार टाकून द्या. बाकीच्या हवाबंद पिशवीत घालून एक दिवस फ्रीज, तीन दिवस फ्रीजर, परत एक दिवस फ्रीज, मग खोलीत. ही पायरी घाईत उरकली तर पान तडकतं.

नव्या सिगारला डब्यात किमान दोन आठवडे द्या. फुगून आलेली असेल तर महिना.

> तपासा: अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून हलकेच दाबा. किंचित दबून परत वर आली तर तयार. दबलेलीच राहिली तर ओली. कुरकुरली तर कोरडी. ओली किंवा कोरडी असेल तर पुढे जाऊ नका, तुम्ही सिगारची नव्हे तर हवामानाची चव घ्याल.

## २. त्या दिवशी: जीभ, पोट, जागा

उपाशीपोटी ओढू नका, आणि शागुती जेवून लगेचही नाही. मसालेदार जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. मला स्वतःला सकाळी दहा-अकराची वेळ आवडते, पाव आणि साधी भाजी खाऊन झालेली असते आणि जीभ ताजी असते. दात घासून लगेच बसू नका, पेस्टचा पुदिना अर्धा तास तरी मागे लागतो.

सोबत साधं पाणी, फ्रीजमधलं नको. फेणी, उर्राक, कॉफी, सगळं नंतर. फेणीसमोर कुठलीही सिगार टिकत नाही. दोन्ही जमवून बसायला माझी हरकत नाही, पण त्याला चाखणं म्हणू नका.

जागा वाऱ्याच्या आडोशाची हवी. लोक हौसेने समुद्राकडे तोंड करून बसतात आणि मग सिगार एका बाजूने जळत गेली म्हणून तक्रार करतात. एक तर तो वाऱ्याचा दोष. दुसरं म्हणजे सार्वजनिक जागी धूम्रपानाला कायद्याने बंदी आहे आणि गोव्याचा तर स्वतःचा १९९७ चा कायदाही आहे. घरचा बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची पडवी, उत्तम. पंखा बंद करा. अगरबत्ती, लोभान, डासांची कॉइल यांतलं काहीही जवळ नको, म्हणजे दिवेलागणीची वेळ बहुतेक घरांत बादच होते.

मध्यम जाडीच्या, पाच इंची सिगारला तास-सव्वा तास लागतो. तेवढा वेळ नसेल तर आज राहू दे.

## ३. पेटवण्याआधी: डोळे, बोटं, नाक

सिगारचे तीन थर असतात. बाहेरचं दिसतं ते रॅपर, त्याखाली आतली पानं बांधून ठेवणारा बाइंडर, आणि मध्ये फिलर. तोंडात धरतो ते डोकं, त्यावर पानाची छोटी टोपी चिकटवलेली असते. पेटवतो तो पाय.

उजेडात फिरवून बघा. शिरा जाड आहेत का, रंग सगळीकडे सारखा आहे का, टोपी नीट बसली आहे का. मग डोक्यापासून पायापर्यंत बोटं फिरवत जा. कुठे दगडासारखी गाठ लागली किंवा कुठे पोकळ, मऊ जागा लागली तर वहीत टिपा. गाठीच्या जागी ओढ अडेल आणि पोकळ जागी ती भराभर जळेल, असा अंदाज आताच लिहून ठेवा. नंतर तो खरा ठरला तर दोष वळणाऱ्याच्या हाताचा, तुमचा नाही.

रंगावरून ताकद ठरवू नका. काळसर रॅपर म्हणजे कडक सिगार, हा समज फार पक्का बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे. ताकद बहुतेक आतल्या फिलरमधून येते, विशेषतः झाडाच्या शेंड्याजवळच्या, जास्त ऊन खाल्लेल्या पानांतून. त्यांना लिहेरो म्हणतात. काळं रॅपर बऱ्याचदा उलट गोडसर असतं.

आता वास. आधी अंगाचा, मग पायाचा. पायाकडून आतल्या पानांचा वास येतो आणि तो वेगळा असतो. सुक्या भातगवताचा, गोठ्याचा, लाकडाचा वास चांगला. नाकात झणका मारणारा अमोनिया आला तर पानं अजून पुरती मुरलेली नाहीत, सिगार परत डब्यात जाऊ द्या, काही महिने.

> सावधान: पांढुरकी किंवा निळसर लव दिसली तर ती बुरशी समजा. "हे पक्व होण्याचं लक्षण आहे" असं विकणारा हसतमुखाने सांगेल. पायाच्या आत बुरशी असेल तर सिगार फेका. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलेल्या २५ मधल्या ११ मी अशाच फेकल्या आहेत.

नाव न बघता चाखणं जमत असेल तर उत्तम: घरातल्या कुणाला तरी नावाच्या पट्टीवर कागद गुंडाळायला सांगा. पट्टी ओढून काढू नका, तिचा डिंक कधी कधी रॅपरला लागलेला असतो आणि पान फाटतं. सिगार तापल्यावर ती अलगद निघते.

## ४. कापणं आणि कोरडी ओढ

सिगार कापायची कातरी (कटर) धारदार हवी. टोपी जिथे संपते त्या रेषेच्या वरच कापायचं, दीड-दोन मिलिमीटर, बस. रेषेच्या खाली गेलात की रॅपर उकलायला लागतं आणि शेवटपर्यंत उकलतच जातं. हात थरथरत असेल तर दुहेरी पात्याची कातरी टेबलावर आडवी ठेवा, पाती उघडा, सिगारचं डोकं त्यात उभं टेकवा आणि एका दमात दाबा. टेबलाच्या पृष्ठभागामुळे जास्त खोल जाताच येत नाही. निमुळत्या डोक्याची असेल तर सुरुवातीला थोडंच कापा, कमी पडलं तर पुन्हा कापता येतं.

मग न पेटवता दोन-तीनदा ओढा. ही कोरडी ओढ लोक गाळतात, आणि इथेच अर्धं निदान होतं. रुंद नळीतून सोलकढी ओढावी तशी, थोडा विरोध जाणवेल इतकी, ओढ योग्य. काहीच विरोध नसेल तर सैल वळलेली, गरम जळेल. गाल आत जात असतील तर घट्ट. घट्ट असेल तर आधी किंचित जास्त कापून बघा. तरी घट्ट, आणि दाबल्यावर मऊ? मग दोष ओलाव्याचा, टप्पा १ कडे परत. घट्ट, पण अंगाला कडक गाठ? मग वळणाऱ्याचा. दोन्ही एकाच रकान्यात लिहू नका.

कोरड्या ओढीत जी चव आली ती वहीत लिहा, पुढे ताडून बघायला.

## ५. पेटवणं

ब्युटेन गॅसचा लायटर किंवा लांब काड्या. पेट्रोलचा लायटर आणि मेणबत्ती नको, त्यांचा वास पहिल्या इंचात बसतो. काडी वापरत असाल तर गुल जळून जाऊ द्या, मग सिगारजवळ न्या. पावसात काडेपेटी सर्दावते, म्हणून तीही डब्यातच ठेवा, पण सिगारच्या नव्हे, वेगळ्या.

सिगार तिरकी धरा. ज्वाळेचं टोक पायाला न शिवता, खालून, फिरवत फिरवत शेकवा. कडा काळपट होऊन बारीक लाल होईपर्यंत साधारण २० ते ३० सेकंद. मग तोंडात धरून ज्वाळा जवळ ठेवत, फिरवत, हलके दोन-तीन झुरके. शेवटी पायावर हलकी फुंकर घाला: सगळीकडे सारखा लाल दिसला की झालं. एखादी बाजू काळी राहिली तर तेवढीच शेकवा.

पहिले दोन झुरके मोजू नका. ते जळक्या कडेचे असतात.

## ६. चाखणं

घाई. सगळ्या चुकांची आई हीच. मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही. सिगारेटच्या सवयीने ओढलीत तर पान जळत नाही, करपतं, आणि तुम्ही वहीत "कडवट" लिहिता. मी समोर घड्याळ ठेवून बसतो, हसायचं तर हसा.

धूर तोंडात घ्या, दोन-तीन सेकंद ठेवा, सोडा. छातीत नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या रश्शासारखी (उमामी) अशा मोजक्याच चवी कळतात, बाकी सगळं नाकाचं काम. म्हणून दर चार-पाच झुरक्यांनी एकदा, तोंडातला बहुतेक धूर सोडून दिल्यावर उरलेला थोडासा नाकातून बाहेर सोडा. पहिल्यांदा मिरीसारखा झोंबतो आणि डोळ्यांत पाणी येतं. थोडाच घ्या, सवय होते.

चवीला नावं देताना परदेशी लिखाणातल्या याद्या पाठ करू नका. सीडर म्हणून लिहिणाऱ्या आपल्यातल्या किती जणांनी सीडरचं लाकूड हुंगलं आहे? घरात जे आहे ते हुंगून ठेवा: मिरी, जायफळ, भाजलेले काजू, सुकं खोबरं, कॉफीची पूड, काळा गूळ, सोलां (कोकम), आजीच्या पेटाऱ्याचं लाकूड, नवी कातडी चप्पल, पहिल्या पावसानंतरची माती. मिरी आणि जायफळ तर फोंड्याकडच्या कुळागरांत झाडावरची मिळतात. वहीत "जुन्या पेटाऱ्यात ठेवलेलं जायफळ" असं लिहिलंत तर सहा महिन्यांनी वाचतानाही तो वास परत आठवेल. "वुडी, स्पायसी" वाचून काहीच आठवत नाही.

तीन गोष्टींची गल्लत करू नका. चव म्हणजे काय लागतं. भरीवपणा म्हणजे धूर तोंडात किती दाट वाटतो. ताकद म्हणजे निकोटिन अंगाला किती जाणवतं. हुमणाचा, म्हणजे माशांच्या आमटीचा, रस दाट असूनही तिखट नसू शकतो, आणि कोकमाची पातळ तिवळसुद्धा नाकाला झोंबू शकते. तिन्हींना वेगळे रकाने.

सिगार मनातल्या मनात तीन भागांत वाटून प्रत्येक भागावर दोन-तीन ओळी लिहा.

पहिला भाग. चवी सुट्या सुट्या, कधी मिरी पुढे. मत बनवू नका.

मधला भाग. इथेच सिगार आपलं काय ते सांगते. चवी एकमेकींत मिसळल्या का, की एकच सूर लागून राहिला? पाणी प्या, दोन मिनिटं थांबा, मग परत ओढा. पाण्यानंतर जी चव टिकून राहते ती लिहा.

शेवटचा भाग. उष्णता आणि डांबर साचत जातं, त्यामुळे थोडी तीव्रता सगळ्यांतच येते. कडवटपणा अचानक वाढला तर आधी स्वतःचा वेग तपासा. मग एकदा सिगारमधून उलटी, हलकी फुंकर मारून आतला साचलेला धूर बाहेर काढा. त्यानंतरचा झुरका स्वच्छ लागला तर दोष तुमचा होता. तरी कडूच, तर सिगारचा.

राख दोन-अडीच सेंटिमीटर झाली की रक्षापात्राच्या कडेला टेकवा, स्वतःच पडते. झटकू नका. पांढरी राख म्हणजे उत्तम सिगार, हेही ऐकीव. राखेचा रंग मातीतल्या क्षारांवर अवलंबून असतो.

जळण वाकडं झालं तर दोन-तीन मिनिटं थांबा, बरेचदा स्वतःच सरळ होतं. नाही झालं तर मागे राहिलेल्या बाजूला लायटर दाखवा आणि तशी नोंद करा. एकदा विझली तर माफ, बोलत बसलो असू. सारखी विझत असेल तर ओलाव्याकडे संशयाने पाहा. उद्या सकाळी उरलेली पेटवणार असाल तर खुशाल, पण ती चव गुणांत धरू नका.

> सावधान: कपाळावर गार घाम, मळमळ, हात थंड ही निकोटिन जास्त झाल्याची लक्षणं. सिगार तिथेच ठेवा, बसून राहा, गुळाचा खडा आणि पाणी घ्या. "एवढी महाग आहे, संपवतो" म्हणणाऱ्याला मी बाल्कांवच्या कठड्यावर ओणवा झालेला पाहिला आहे.

बोटांना चटका बसायच्या आधी थांबा. चुरगाळून विझवू नका, फार घाण वास येतो. रक्षापात्रात ठेवून द्या, आपोआप विझते.

## ७. गुण देणं

मी १०० पैकी असे देतो: दिसणं आणि वळण १०, ओढ २०, जळण १५, चव ३५, आणि तिन्ही भागांत ती कशी बदलत गेली याला २०. आकडे तुम्ही तुमचे ठरवा, पण एकदा ठरवले की दर सिगारला बदलू नका. गुणांपुढे त्या दिवशीचा डब्यातला आर्द्रतेचा आकडा, तारीख आणि त्याआधी काय खाल्लं होतं ते लिहा. माझ्या वहीत "ओढ घट्ट" असा शेरा मारलेल्या नोंदी एकदा तारखांनुसार लावून पाहिल्या, तर बहुतेक जून ते सप्टेंबरमधल्या निघाल्या. त्यानंतर मी पावसाळ्यातल्या डब्यात ६२ ची पुडी टाकतो.

किंमत आणि देश गुण देऊन झाल्यावर बघा. क्युबाच्या म्हणून काचेच्या झाकणाच्या पेटीत कुणी किनाऱ्यावर दाखवत असेल तर तिथे गुण द्यायचा प्रश्नच नाही: क्युबातून तसल्या पेट्या येत नाहीत.

एका सिगारवरून निकाल लावू नका. हाताचं काम आहे, त्याच पेटीतल्या दोन कांड्याही सारख्या नसतात. दुसरी निदान आठवड्याने, त्याच वेळी, त्याच खुर्चीवर. दोन्हींच्या गुणांत दहाहून जास्त फरक पडला तर तिसरी ओढा, आणि ती ओढण्याआधी मापक पुन्हा एकदा मिठात घालून तपासा.